अकरा महिन्यांचा भाऊ

घर भाड्याने देणाऱ्या कुणालाही विचारा, करार अकरा महिन्यांचाच का करता? बारावा महिना लागला की भाडेकरूला घर आपलं वाटायला लागतं, असं तो सांगेल. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आधी सहा महिन्यांची होती. पोरांनी ओरड केल्यावर सरकारने पाच महिने वाढवून दिले आणि बेरीज बरोबर अकरा आली. योगायोगच म्हणायचा. पण मंत्रालयात कुणीतरी अनुभवी घरमालक बसलेला असणार, अशी आमची खात्री आहे.

योजनेचा शासन निर्णय निघाला जुलै २०२४ मध्ये. बारावी पासला महिना सहा हजार, आयटीआय-पदविकेला आठ, पदवीधराला दहा. ‘लाडकी बहीण’ योजनेने बहिणी नुकत्याच लाडक्या झाल्या होत्या, त्यामुळे हा प्रशिक्षणार्थी आपसूक ‘लाडका भाऊ’ झाला. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती, तेव्हा भावाला ओवाळायचा मुहूर्त त्याआधीच निघणार हे ओघाने आलं.

आमचा भाचा बी.कॉम. त्याला अमळनेर तालुक्यातल्या एका सरकारी कार्यालयात टेबल मिळालं. म्हणजे अर्धं टेबल, उरलेल्या अर्ध्यावर जुन्या फायलींचे गठ्ठे. पहिला महिना त्याने झेरॉक्स काढण्यात आणि साहेबांसाठी चहा सांगण्यात घालवला. साहेबांकडे आणखी गावांचा अतिरिक्त कार्यभार, त्यामुळे ते अधूनमधूनच दर्शन देत. दिवाळीपर्यंत दाखले, पंचनामे, म्हातारीच्या पेन्शनचे अर्ज, सगळं भाचाच बघू लागला. गावातली माणसं त्याला ‘भाऊसाहेब’ म्हणायला लागली. आमच्या बहिणीने तर एक-दोन स्थळांनाही तसंच सांगून ठेवलं. अकरावा महिना संपला तसं त्याच्या हाती प्रमाणपत्र पडलं, की हा काम शिकला. काम शिकला, म्हणून काम बंद! जरा मठ्ठ निघाला असता तर कदाचित आणखी सहा महिने मिळाले असते.

मग तो रोजगार मेळाव्याला गेला. मंडप, खुर्च्यांना पांढरी कव्हरं, दहाच्या कार्यक्रमाला मंत्री साडेबाराला. तोवर निवेदक माइकवरून सांगत होता, नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा. समोर पोरं बायोडाटाची फाईल मांडीवर घेऊन बसलेली. स्टॉलवर चाकणची कंपनी, रांजणगावची कंपनी, विमा एजंटाची भरती आणि सुरक्षारक्षक पुरवणारा ठेकेदार. मेळावा जळगावात, नोकरी पुण्याकडे. दुसऱ्या दिवशी पेपरात निवड झालेल्यांचा आकडा छापून आला. त्यातले रुजू किती झाले आणि तीन महिन्यांनी टिकले किती, हे छापायला कधी जागा उरत नाही. पण मेळाव्यातून रोजगार मिळत नाही असं कुणी म्हणू नये. मंडपवाला, फ्लेक्सवाला आणि पुरीभाजीचा कंत्राटदार यांना तो जागच्या जागी मिळतो.

निवेदकाचं मनावर घेऊन भाचा जिल्हा उद्योग केंद्राच्या योजनांकडे वळला. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या सर्वसाधारण अर्जदाराला २५ टक्के अनुदान, महिला आणि इतर विशेष प्रवर्गांना ३५. कागदावर योजना चांगली आहे, आम्ही उगाच नावं ठेवणार नाही. मात्र वाट बँकेतून जाते. ठरावीक रकमेपर्यंत तारण मागायचं नाही असा नियम आहे. म्हणून बँक तारण मागत नाही. ‘घर कोणाच्या नावावर आहे?’ एवढंच विचारते.

रोजगाराचं आणखी एक आश्वासन रेल्वेचं. मनमाड–इंदूर रेल्वेमार्गाला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी. धुळे–नरडाणा टप्प्याचं भूमिपूजन तर २०१९ मध्येच उरकलं होतं. मंजुरीच्या पत्रकात म्हटलं होतं, बांधकामातून १०२ लाख मनुष्यदिवसांचा रोजगार मिळेल. ऐकायला कसं भरघोस वाटतं! भाच्याने बी.कॉम.चा उपयोग करून भागाकार केला. वर्षाचे ३०० दिवस आणि ३० वर्षांची नोकरी धरली, तर माणसं निघाली अकराशेच्या आसपास. धुळ्याच्या एका मेळाव्यात याहून जास्त खुर्च्या मांडतात.

सरकार काम दिवसांत मोजतं, महिन्यांत मोजतं. वर्षांत मोजायला घाबरतं. आणि भाच्याचं हे सगळं ज्या अमळनेरात घडलं, तिथेच प्रताप शेठजींची गिरणी उभी राहिली, तिथेच १९४५ मध्ये वनस्पती तुपाचा तो कारखाना निघाला ज्याला आज जग विप्रो म्हणून ओळखतं. कंपनी मोठी झाली आणि बंगळुरूला राहायला गेली. जळगावच्या खान्देश मिलचा भोंगा तर केव्हाच बंद पडला, त्या जागेवर आता मॉल आहे. खान्देशचा कापूस इथल्या जिनिंगमध्ये गाठी बांधून बाहेर जातो आणि ज्या पोराने तो वेचला तोही तापी मार्गाच्या गाडीने सुरतेला जातो. कापसाला निदान हमीभाव जाहीर होतो.

तर वाचकहो, पुढचा मेळावा तुमच्या तालुक्यात भरला तर जरूर जा. पुरीभाजी खा. मंत्र्यांचं भाषण संपलं की हात वर करून दोनच गोष्टी विचारा: काम कुठल्या गावात आहे, आणि बाराव्या महिन्यात ते असणार आहे का? उत्तर मिळेपर्यंत हात खाली घेऊ नका.