श्रमेश टनिल जेशी, रा. सतारा

वर्डमधील ऑटोकरेक्ट ही सोय इंग्रजी लिहिणाऱ्याच्या भल्यासाठी केलेली आहे. वाक्याचे पहिले अक्षर कॅपिटल करायचे राहिले तर ती ते करून देते, सरळ अवतरणचिन्हांना बाक देते आणि हे सगळे न विचारता करते. देवनागरीत कॅपिटल अक्षरे नाहीत. त्यामुळे मराठीला या सोयीचा उपयोग शून्य आणि उपद्रवही शून्य असायला हवा. उपयोग शून्य आहे.

उपद्रवाचे मूळ कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टच्या रचनेत आहे. या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसते, पण फाइलमध्ये साठतात ती रोमन अक्षरे. ‘पुणे’ हा शब्द फाइलमध्ये ‘आय, क्यू, टिंब, के, एस’ असा असतो. त्याच्या आरंभीच आयक्यू आहे, याचे पुणेकरांना आश्चर्य वाटत नाही. वर्डला मात्र तो अशुद्ध इंग्रजी शब्द वाटतो. त्याच्याखाली लाल नागमोडी रेघ ओढून वर्ड आपले कर्तव्य बजावतो आणि मग मदतीला धावतो.

या फॉन्टची कळमांडणी रेमिंग्टनच्या टंकलेखन यंत्रावरून आलेली आहे. बऱ्याच व्यंजनांच्या बाबतीत नुसती कळ दाबली की पूर्ण अक्षर आणि शिफ्टसह दाबली की अर्धे अक्षर, अशी ती मांडणी. स्मॉल एल म्हणजे ‘स’, कॅपिटल एल म्हणजे अर्धा ‘स’. अर्ध्या अक्षराला काना जोडला की ते पूर्ण दिसते. म्हणजे वर्डने पहिले अक्षर कॅपिटल केले की मराठी अक्षर मोठे होण्याऐवजी निम्मे होते, आणि पुढे काना असेल तर तो काना ही तूट भरून काढण्यात खर्ची पडतो. वाक्याच्या आरंभी हे घडले तर टंकलेखकाच्या लक्षात येते, कारण तिथे नजर असते. पण ऑटोकरेक्टच्या यादीत आणखी एक कलम आहे: तक्त्याच्या प्रत्येक चौकटीतील पहिले अक्षर कॅपिटल करणे. टॅब दाबून पुढच्या चौकटीत गेले की मागच्या चौकटीत ही सुधारणा होते. टंकलेखकाची नजर तोवर पुढच्या नावावर गेलेली असते. आणि मराठी माणसाचे नाव, गाव, जन्म, मृत्यू, जमीन, पगार, थकबाकी हे सगळे तक्त्यातच असते.

जिल्ह्यांचा तक्ता घेतला तर या सुधारणेचे तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार कानालोपाचा. सातारा होतो सतारा, सांगली संगली, नागपूर नगपूर, नाशिक नशिक, लातूर लतूर आणि जालना जलना. कृतिदेवमध्ये ओकार हा काना आणि मात्रा अशा दोन कळांनी उमटतो. त्यातला काना गेला की मात्रा उरते आणि सोलापूरचे सेलापूर, गोंदियाचे गेंदिया होते. दुसरा प्रकार अर्धांगाचा. पुढे काना नसला तर पहिले अक्षर लंगडेच राहते आणि जळगाव ज्ळगाव होऊन बसते, गडचिरोली ग्डचिरोली. तिसरा प्रकार धर्मांतराचा. काही कळांवर शिफ्ट दाबले की अर्धे अक्षर न येता भलतेच येते. ‘र’च्या कळेवर ‘श्र’ आहे, म्हणून रायगडचे श्रायगड आणि रत्नागिरीचे श्रत्नागिरी. ‘अ’च्या कळेवर ‘ट’ आहे, म्हणून अकोल्याचे टकोला. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकित होते आणि तिच्या कळेवर अर्धा ‘थ’ बसलेला आहे, त्यामुळे हिंगोली थ्हंगोली या नावाने ओळखली जाते. ठाणे, भंडारा आणि जिल्हा नसलेली डोंबिवली मात्र या सुधारणेतून सुखरूप सुटतात, कारण ‘ठ’, ‘भ’ आणि ‘ड’ मुळातच कॅपिटल अक्षरांवर आहेत. ठाणेकर आणि डोंबिवलीकर यांना लोकलच्या गर्दीबद्दल मिळालेली एवढी एकच भरपाई.

गावे तोंड उघडून तक्रार करत नाहीत, माणसे करतात. रमेश अनिल जोशी हा इसम नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा तीन चौकटींतून गेला की श्रमेश टनिल जेशी होऊन बाहेर पडतो. पाटलांचे पटील होतात, सावंतांचे सवंत, मोरे मेरे होतात आणि लोखंडे लेखंडे. अशी यादी छापली जाते, तिच्यावर सही होते, शिक्का बसतो आणि त्या क्षणापासून चूक यादीची राहत नाही, माणसाची होते. खिडकीशी उभ्या असलेल्या रमेशला सांगण्यात येते, की यादीत रमेश नावाचे कोणी नाही. श्रमेश आहे, पण ते तुम्ही कशावरून? मग शाळा सोडल्याचा दाखला आणा. त्यावर रमेश आहे, म्हणजे नाव जुळत नाही. मग श्रमेश आणि रमेश ही एकाच व्यक्तीची दोन नावे असल्याचे प्रतिज्ञापत्र करून आणा. ते करायला रमेश एक दिवसाची रजा टाकतो, नोटरीपुढे उभा राहतो आणि आपण कधीही श्रमेश नव्हतो हे ठाऊक असूनही होतो म्हणून सही करतो. प्रतिज्ञापत्र टंकित करणाऱ्याकडेही तोच फॉन्ट असतो आणि ऑटोकरेक्टचे तेच कलम सुरू असते. या साऱ्या वाटेवर एकही माणूस असे म्हणत नाही, की रमेश हे नाव आपण जन्मापासून ऐकत आलो आहोत, श्रमेश हे कोणाचेही नाव नसते, आणि ही चूक आपल्या कचेरीत झाली. सगळे म्हणतात, कॉम्प्युटरने केले. कॉम्प्युटरने केले हे खरेच आहे. पण ते वाचायला माणूस नेमलेला आहे, त्याला वाचण्याचा पगार मिळतो, आणि ‘टनिल’ हा शब्द वाचून ज्याच्या कपाळावर आठी उमटत नाही त्याने मराठीच्या अभिजातपणाचे फलक टांगू नयेत. भाषेचा गौरव दालनात आणि भाषेचा काना कचऱ्यात, असा हा कारभार आहे. आणि प्रतिज्ञापत्राचा खर्च रमेशने करायचा.

विरामचिन्हांची गोष्ट याहून थोडक्यात सांगता येते. कृतिदेवमध्ये अर्धा ‘श’ सरळ एकेरी अवतरणचिन्हाच्या जागी आहे आणि अर्धा ‘ष’ दुहेरीच्या. वर्ड त्यांना बाकदार करतो, म्हणजे त्यांची जागाच बदलतो, आणि नव्या जागी त्या फॉन्टने जे काही ठेवले असेल ते छापले जाते.

जुन्या फाइली युनिकोडमध्ये बदलून घेतल्या की प्रश्न मिटेल, असा एक समज आहे. रूपांतर करणारी आज्ञावली प्रामाणिक असते. तिला सतारा दिसला तर ती सताराच ठेवते. आधी तो निदान एका फॉन्टपुरता बिघाड होता. रूपांतरानंतर तो शुद्ध, शोधता येणारा, जगभर वाचता येणारा सतारा होतो, आणि ‘सातारा’ असा शोध घेणाऱ्याला जिल्हा सापडत नाही. म्हणून रूपांतराआधी तक्त्याच्या प्रत्येक चौकटीचे पहिले अक्षर डोळ्यांनी तपासणे भाग आहे.

थेट युनिकोडमध्ये टंकित केलेल्या मजकुराला कॅपिटलची बाधा होत नाही. देवनागरी युनिकोडच्या 1991 मधील पहिल्या आवृत्तीपासून आहे आणि मंगल हा फॉन्ट विंडोज 2000 पासून संगणकासोबत येतो, म्हणजे सबबीचे वय आता पंचविशी ओलांडून गेले आहे. तिथे उरतो तो फॉन्टचा हट्ट. वर्ड रोमन अक्षरांसाठी एक फॉन्ट आणि देवनागरीसारख्या लिपींसाठी दुसरा फॉन्ट, दोन वेगळ्या आकारांसह, लक्षात ठेवतो. देवनागरी नसलेला फॉन्ट निवडून मजकूर बदलत नाही म्हणून आदळआपट करण्यात अर्थ नसतो. कंट्रोल आणि डी दाबून उघडणाऱ्या खिडकीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ या शीर्षकाखाली मराठीचा फॉन्ट आणि आकार स्वतंत्रपणे ठरवायचा असतो.

कॅपिटलवरचा उपाय असा. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स या वाटेने गेल्यावर वाक्याचे आणि तक्त्याच्या चौकटीचे पहिले अक्षर कॅपिटल करणाऱ्या दोन ओळी दिसतात. त्यांच्यापुढील खुणा काढाव्यात. ‘ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप’ या शेजारच्या पानावर अवतरणचिन्हे बाकदार करणारी ओळ आहे. तिचीही खूण काढावी. एखादी सुधारणा डोळ्यांदेखत झाली तर लगेच कंट्रोल आणि झेड दाबले की ती मागे जाते. खुणा काढल्याने आधी झालेले सतारे आणि टकोले दुरुस्त होत नाहीत. ते एकेक करून हातानेच करावे लागतात. या कामाला परिपत्रक, समिती किंवा निधी लागत नाही, बहुधा म्हणूनच ते होत नाही. शिवाय खुणा प्रत्येक संगणकावर वेगळ्या काढाव्या लागतात, आणि नव्या संगणकावर त्या लावलेल्याच येतात.