टायरशास्त्री

नामपुरात टायरचा विषय निघाला की तो बहुधा ट्रॅक्टरच्या टायरचा असतो. कांद्याचा हंगाम, बाजार समितीकडे लागलेली ट्रॉल्यांची रांग, त्यातली एक ऐन वळणावर बसलेली आणि जॅक मागत फिरणारा कोणाचा तरी मेहुणा. त्या खालोखाल मान मोटारसायकलच्या टायरचा. सायकलच्या टायरवर दोन शहाण्या माणसांनी अर्धा तास बोलावं, ही कल्पना गावात नव्हती. ती सरांनी आणली.

सरांना नाव आहे. शाळेच्या हजेरीपटावर आणि रेशनकार्डावर ते नीट लिहिलेलं आहे. पण गावात ते टायरशास्त्री. मोसम नदीच्या कडेकडेने वर गेलं की आठ-नऊ किलोमीटरवर त्यांची शाळा. बाकीचे मास्तर मोटारसायकलवर जातात, सर सायकलवर. तीही आधी साधी नव्हती, रोड बाईक होती. वाकलेलं हँडल, सुपारी ठेवायलाही जागा नसलेली सीट, ना कॅरियर ना स्टँड. शाळेत ती भिंतीला टेकवावी लागे आणि मधल्या सुट्टीत ती पडू नये म्हणून एका मुलाची नेमणूक करावी लागे.

सर माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतात. आधी त्याच्या सायकलच्या टायरकडे. उभी सायकल दिसली की त्यांचा उजवा अंगठा आपोआप पुढे होतो आणि टायर दाबून बघतो. मालक समोर असो वा नसो. एकदा भाच्यासाठी मुलगी बघायला गेले. कांदेपोहे आले, मुलगी आली, तिचं शिक्षण झालं, स्वयंपाकाची आवड झाली. सर कुठे आहेत म्हणून शोधलं तर ते ओट्याखाली, मुलीच्या वडिलांच्या सायकलपाशी उकिडवे बसलेले. परतताना जीपमध्ये त्यांनी मत दिलं, "मागचं टायर मधोमध सपाट झालंय, पुढचं अजून गोल आहे. अंगाचा जास्त भार मागच्या चाकावर येतो. म्हणजे माणूस सायकल दाखवायला ठेवत नाही, चालवतो. स्थळ चांगलं आहे." लग्न झालं. चांगलं चाललंय. त्याचं श्रेय ते आजही टायरला देतात.

हा आजार कधी लागला, ते सांगता येतं. २०१५ साली नाशिकच्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या भावांनी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या गटात नऊ दिवसांच्या आत पुरी केली. ती पुरी करणारा तो पहिला भारतीय संघ. त्यानंतर जिल्ह्यात बऱ्याच जणांच्या अंगात सायकल आली. काहींच्या अंगातून ती दिवाळीपर्यंत उतरलीही. सरांच्या अंगात राहिली. त्यांनी रोड बाईक घेतली, आणि तिला होती २३ मिलिमीटरची टायरं.

स्टँडजवळ नानांचं पंक्चरचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक पेटी, एक पाण्याचं घमेलं आणि एक कॉम्प्रेसर. सर पहिल्यांदा हवा मारायला गेले तेव्हा नानांनी टायर दोन बोटांत धरलं आणि विचारलं, "सर, हाई टायर शे का रबरबँड?"

"यात ११० पीएसआय हवा लागते, नाना."

मोटारसायकलला तिशीच्या आसपास हवा मारणाऱ्या नानांनी कॉम्प्रेसरकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि मागे सरकून बसले. शिवाय हवा मारायची कुठून, हाही प्रश्नच. साध्या सायकलला वालट्यूब असते, मोटारसायकलला जाड तोंडाचा वॉल्व्ह. सरांच्या ट्यूबला पेन्सिलीएवढी बारीक दांडी, तिच्या टोकाला आणखी बारीक आटे, आधी ते सैल करायचे, मग हवा. त्यासाठी पितळेची एक टोपी मिळते. ती बसवली की नेहमीचा पंप चालतो. ती टोपी सर ताईत घालतात त्या काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात बाळगू लागले. नवस फेडायला आलेल्या एका म्हातारीने त्यांना कोणत्या देवाची म्हणून विचारल्याचंही सांगतात.

आता आमच्या बागलाणाची गोष्ट अशी, की इथे शेतात जे पिकतं ते कालांतराने रस्त्यावर येतं. डाळिंबाच्या झाडाला काटे असतात. बहार धरण्याआधी बागेची छाटणी होते आणि छाटलेल्या काड्या बांधावरून रस्त्याच्या कडेला येऊन पडतात. बाभळीचे काटे बारमाही. पावसाळा सरता सरता सराटा पिकतो. तो कसाही पडला तरी एक काटा वर करूनच पडतो. यांत भर म्हणजे ट्रकची टायरं फुटून रस्त्यावर सांडलेल्या तारा. केसासारख्या बारीक, डोळ्यांना दिसत नाहीत, बोटाला मात्र बरोब्बर सापडतात. सरांनी भिंतीवरच्या कालनिर्णयावर पंक्चरची नोंद सुरू केली. मृग बहार, हस्त बहार, आंबे बहार हे डाळिंबाचे हंगाम आता त्यांच्या घरात ट्यूबचे हंगाम झाले. शेजारचा बागायतदार छाटणी कधी करणार हे कृषी सहायकाच्या आधी सरांना ठाऊक असतं, कारण ते सरळ जाऊन विचारतात.

काट्याविनाही पंक्चर होई. हवा जरा कमी झाली आणि चाक खड्ड्यात आदळलं, की ट्यूब खड्ड्याची कड आणि रिम यांच्यात चेंगरते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. नाना दोन चिकट्या लावायचे आणि पैसे एकाचेच घ्यायचे. "जुळं आहे," म्हणायचे.

मग २५ आलं. मग सरांनी वाचन वाढवलं आणि एके दिवशी चहाच्या टपरीवर जाहीर केलं, की अरुंद टायर वेगवान ही अंधश्रद्धा आहे. टायर जमिनीला टेकतं तिथे दबतं. सारखीच हवा असेल तर अरुंद टायरचा टेकलेला भाग लांबट असतो, रुंद टायरचा आखूड आणि आडवा. लांबट भागात रबर जास्त वाकतं आणि वाकण्यात पायांची ताकद वाया जाते. वर, आपला रस्ता खडबडीत. दगडासारखं कडक टायर प्रत्येक खडीवर माणसाला उचलतं, तीही ताकद आपलीच. "टूर दी फ्रान्समधले लोकसुद्धा २३ सोडून २८ वर आलेत!" सर म्हणाले. टपरीवाल्याने विचारलं, "त्यांच्याकडे पण रस्त्याचं काम निघालंय का?"

२८ आणायला सर मालेगावला गेले. दुकानात गर्दी होती. सरांनी सांगितलं, "अठ्ठावीसचं टायर द्या." मुलाने कागदात गुंडाळून दिलं. नामपूरला येऊन सोडलं तर ते काळ्या घोडा-सायकलचं, दूधवाले वापरतात ते २८ इंची. त्याची रिम ६३५ मिलिमीटरची, सरांची ६२२ ची. तेरा मिलिमीटरच्या या फरकावर सरांनी नववी 'अ' ला एक पूर्ण तास घेतला. मोजमाप सांगताना एकक सांगणं किती महत्त्वाचं असतं, हे त्या वर्गाला जन्मभर विसरता येणार नाही. टायरही वाया गेलं नाही. गावातल्या दूधवाल्याला सरांनी ते बळेच दिलं, आणि त्याबदल्यात त्याला महिनाभर हवेचा दाब किती असावा हे ऐकून घ्यावं लागलं. शेवटी तो म्हणाला, "सर, टायरचे पैसे देतो, पण दूध घालू द्या."

खरं २८ पुण्याहून कुरिअरने आलं. परदेशी, आतून चिवट धाग्याचा पट्टा घातलेलं. काटा आलाच तर त्या पट्ट्यात अडकावा, ट्यूबपर्यंत पोचू नये, अशी योजना. वहिनींनी बिल पाहिलं.

"दोन्हीचे मिळून का?"

"एकाचं."

"यात ट्यूब आली?"

"ट्यूब वेगळी."

"आणि हवा?"

"हवा फुकट."

"नशीब माझं," म्हणून वहिनी आत गेल्या.

टायर बसवल्यावर नवीन संकट. ते बिननक्षीचं, गुळगुळीत. जो तो थांबवून सांगू लागला, "सर, टायर गोटा झालंय, पावसात घसराल." सरांनी सुरुवातीला प्रत्येकाला समजावलं. मोटारीचं टायर रुंद आणि सपाट, त्याच्याखाली पाणी अडकतं, म्हणून त्याला खाचा लागतात. सायकलचं टायर अरुंद आणि गोल, पाणी आपसूक बाजूला होतं. डांबरावर जितकं रबर टेकेल तितकी पकड चांगली. लोक ऐकून घेत आणि जाताना म्हणत, "तरी पण बदलाच." शेवटी सरांनी समजावणं सोडलं. "पगार झाला की बदलतो," म्हणू लागले. गावाला ते पटलं.

पाऊस पडतो तेव्हा मात्र सर खरे शास्त्रज्ञ होतात. शेतातून निघालेला ट्रॅक्टर चाकांबरोबर चिखल डांबरावर आणतो, त्यावर बाजाराच्या दिवशी कांद्याची पात आणि टरफलं. अशा दिवशी ते हवा थोडी कमी करतात, पुढच्या चाकात मागच्यापेक्षा आणखी थोडी कमी, आणि पुलाअलीकडच्या वळणावर ब्रेकला हात लावत नाहीत. या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा त्यांना पाठ आहे. कोणता कधी पडला, कधी बुजवला आणि बुजवल्यानंतर किती दिवसांत पुन्हा पडला, हेही. ग्रामसभेत त्यांनी एकदा ही जंत्री वाचायला घेतली होती. सरपंचांनी चहा सांगितला तेव्हा ते कुठे नदीच्या अलीकडे आले होते.

टायर शोधून काढणाऱ्या माणसाबद्दल सर फार जिव्हाळ्याने बोलतात. जॉन बॉइड डनलॉप हा बेलफास्टमधला गुरांचा डॉक्टर. पोराची तीनचाकी दगडी रस्त्यावर फार आदळायची, म्हणून त्याने रबराच्या नळीत हवा भरून ती चाकाला बसवली आणि १८८८ साली पेटंट घेतलं. त्याच्या आधी चाळीसएक वर्षं रॉबर्ट थॉमसनने हवेचं टायर केलं होतं, पण तेव्हा रस्त्यावर सायकलीच नव्हत्या. "बघा," सर म्हणतात, "शोध शर्यतीसाठी लागला नाही. पोराचा पार्श्वभाग दुखू नये म्हणून लागला." हे सांगताना ते स्वतःच्या सीटवर किंचित सरकून बसतात.

या वाक्यानंतर सरांच्या मनात ३२ आलं. कारणं घरची होती. मुलगी बालवाडीत जाऊ लागली, तिला पुढे बसायचं होतं. पोट थोडं सुटलं. शाळेतून येताना दूध, पेपरांचे गठ्ठे आणि सासूबाईंच्या गोळ्या आणायच्या होत्या. २३ ते ३२ हा प्रवास सर शास्त्राने समजावतात, वहिनी एका वाक्यात समजावतात: "तेवीसचे होते तेव्हा हे अमेरिकेला निघाले होते, आता शाळेत जातात." मला वाटतं, रोजच्या वापराचं टायर निवडणं अवघड जातं ते याच कारणाने. रस्ता समोर दिसत असतो, काटे दिसत असतात, गणित सोपं असतं. आपण शर्यतीत नाही, मस्टरवर सही करायला चाललो आहोत, एवढं एकदा मान्य केलं की टायर दहा मिनिटांत ठरतं. सरांना ते मान्य करायला चार आकड्यांची टायरं लागली.

पण ३२ बसेना. रोड बाईकच्या ब्रेकच्या चापात आणि फ्रेममध्ये जागाच तेवढी नसते. २८ कसंबसं जातं, ३२ घासतं. सरांनी कानस घेतली तेव्हा नानांनी त्यांच्या हातून ती काढून घेतली. तिढा महिनाभर चालला. लोक सायकलसाठी टायर घेतात. सरांनी त्या टायरसाठी नवी सायकल घेतली. तिला कॅरियर आहे, मडगार्ड आहे, स्टँड आहे, घंटीसुद्धा आहे. मधल्या सुट्टीतल्या त्या मुलाची नेमणूक रद्द झाली. हवा पन्नास-पंचावन्न पीएसआय, तीही नानांच्या कॉम्प्रेसरवर सहज मिळते. पंक्चर होतं, नाही असं नाही, पण नानांना आता सरांची आठवण काढावी लागते.

सल्ला मागायला मात्र माणसं येतात. ती सरांच्या ज्ञानावर येतात आणि सरांच्या उत्तराच्या लांबीवर परत जातात. परवा पुण्याहून घरून काम करायला आलेला एक इंजिनिअर मुलगा नानांच्या दुकानाशी थांबला. मित्राकडून घेतलेली चकचकीत रोड बाईक, टायर २३. रोज सटाण्याला जाऊन यायचा बेत. त्याने विचारलं, "सर, हीच टायरं ठेवू की बदलू?"

टपरीवरचे लोक सावरून बसले. नानांनी हातातली ट्यूब घमेल्यात सोडली. सर वाकले, अंगठ्याने टायर दाबलं, मुलाचे बूट पाहिले, सपाट पोट पाहिलं, गॉगल पाहिला, आणि म्हणाले, "हीच ठेव. झकास आहेत."

मुलगा खूश होऊन गेला. बराच वेळ कोणी बोललं नाही.

"सर, बरं वाटत नाही का?" नानांनी विचारलं.

"नाना, त्याला आज २८ सांगितलं तर ते म्हाताऱ्यांचं टायर वाटेल. डाळिंबाची छाटणी पुढच्या आठवड्यात आहे, मी विचारून आलोय. काटा जे सांगणार ते मी कशाला सांगू? आणि माझी ३२ आल्यापासून तुमचाही धंदा बसलाय."

नानांनी टपरीकडे हात केला. "दोन स्पेशल. पैसे माझ्याकडून."

सरांचा सल्ला कोणाच्या तरी उपयोगी पडल्याची ही पहिलीच वेळ.