सदर झोका

(तालुक्याच्या गावातलं एक घर. आजोबा निवृत्त हेडक्लार्क, नात सहावीत. आजी मटार सोलतेय.)

नात : आजोबा, झालं पत्र. "नगराध्यक्षकाका, बागेतल्या झोक्याची डावीकडची साखळी तुटलीय. तिथे कुणीतरी परकराची नाडी बांधलीय. काल मी पडले. लवकर नीट करा."

आजोबा : हे पत्र आहे की तार? आणि नगराध्यक्ष काका कधीपासून झाले?

नात : २६ जानेवारीला शाळेत येतात ना, लाडू वाटायला!

आजोबा : ते निवडून आलेले. फीत कापायला ते, तुटलेलं जोडायला मुख्याधिकारी. १९६५चा अधिनियम आहे नगरपरिषदांचा. लिही, "प्रति, मा. मुख्याधिकारी."

नात : मा. म्हणजे मामा?

आजी : आपल्याला बनवतात तो.

आजोबा : माननीय! पुढे विषय. "सार्वजनिक उद्यानातील क्रीडासाहित्य नादुरुस्त असलेबाबत."

नात : झोका कुठे गेला?

आजोबा : क्रीडासाहित्यात आला.

नात : घसरगुंडीपण त्यातच?

आजोबा : अर्थात.

नात : मग ते घसरगुंडीच दुरुस्त करतील. ती चांगली आहे हो!

आजोबा : (पेनाचं टोपण चावत) हं... मजकुरात घालू, "सदर झोका". आता संदर्भ.

नात : माझा गुडघा.

आजोबा : संदर्भ म्हणजे आधीचं पत्र, जावक क्रमांक, दिनांक.

नात : पण हेच पहिलं आहे.

आजोबा : तिथेच तर घोळ! पहिल्या पत्राला कुणी हात लावत नाही. पंधरा दिवसांनी स्मरणपत्र द्यायचं, त्यात ह्याचा संदर्भ. मग दुसरं स्मरणपत्र.

आजी : तोवर हिची मुलगी बसायला लागेल झोक्यावर.

आजोबा : कायदा आहे, २००५चा! सरकारी कर्मचाऱ्याकडे फाईल सात कामकाजाच्या दिवसांवर पडून राहता कामा नये.

नात : मग तुम्ही सात दिवसांत काम करायचात?

आजोबा : पडून राहता कामा नये, एवढंच म्हटलंय. सहाव्या दिवशी मी पुढच्या टेबलावर सरकवायचो. तो परत माझ्याकडे.

नात : म्हणजे झोकाच की!

आजी : त्याची साखळी मात्र कधी तुटली नाही.

आजोबा : तू मटार सोल. बाळा, दोन प्रती काढ. एक त्यांना, दुसरीवर आवकचा शिक्का आणि सही घ्यायची. तिला पोच म्हणतात. पोच नसली की पत्र आलेलंच नसतं. मी कितीजणांना सांगितलंय, "असं पत्र इथे आलेलं नाही."

नात : आणि खरंच नसायचं आलेलं?

आजोबा : ड्रॉवरमध्ये असायचं. पण पोच कुठे होती त्यांच्याकडे?

(नात सगळं पुन्हा वाचते.)

नात : आजोबा, मी पडले ते ह्यात कुठेच नाही.

आजोबा : ते मजकुरात बरं दिसत नाही. सहपत्रात जोडू.

नात : सहपत्र म्हणजे?

आजोबा : पत्रासोबत जोडायचा पुरावा.

नात : (फ्रॉक वर करून, हळद लावलेल्या गुडघ्याकडे बघत) हा जोडायचा?

आजी : जोडतेस कशाला, चालत जा आणि दाखव साहेबांना.

आजोबा : दाखव, दाखव. पण पोच घेतल्याशिवाय गुडघा परत आणू नकोस.