बंड्याची भूक

आमच्या लॅब्रेडॉरचं, बंड्याचं, वजन करायचं म्हणजे आधी मी एकट्याने काट्यावर चढायचं, मग त्याला कवेत घेऊन पुन्हा चढायचं, आणि आकड्यातून स्वतःला वजा करायचं. मार्चमध्ये दोघे मिळून ११२ किलो भरलो. मी ७४, बंड्या ३८. डॉक्टरांनी त्याच्या छातीवरून हात फिरवून बरगड्या शोधल्या. सापडल्या नाहीत. "याला खायला कोण घालतं?" त्यांनी विचारलं. आम्ही चौघेही भिंतीवरचं लसीकरणाचं वेळापत्रक वाचू लागलो.

घरी आल्यावर उलगडा झाला. बंड्या दिवसातून दोनदा नव्हे, सात वेळा जेवत होता. माझ्या चहाबरोबरची बिस्किटं, बायकोच्या डब्यातली उरलेली भाजी, मुलाला नकोशी दुधाची साय. आईचं खातं तर वेगळंच. पहिली पोळी गाईची, हा तिचा नेम. पण तिसऱ्या मजल्यावर गाय कुठली? तेव्हा ती पोळी बंड्याच्या नावे वर्ग झालेली. तुपासकट. बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, हे मात्र तिने लगेच मनावर घेतलं. तेव्हापासून घरचा शिरा बिनबेदाण्याचा असतो. सगळ्यांसाठीच.

बाकीचं खाणंही कमी करायला हवं, हे तिला पटावं म्हणून मी शास्त्राला शरण गेलो आणि तिथेच फसलो. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांना २०१६ मध्ये लॅब्रेडॉरच्या एका जनुकातला छोटा तुकडा गळालेला आढळला; साधारण चारांतल्या एका कुत्र्यात. तो नसला की भूक भागल्याचा निरोप मेंदूला नीट पोचत नाही. गंमत म्हणजे अपंगांच्या मदतीसाठी तयार केलेल्या कुत्र्यांत हे प्रमाण कितीतरी जास्त निघालं. खाऊसाठी ते वाट्टेल ते शिकतात, बहुधा म्हणून. (आमचा एवढंच शिकलाय : गाढ झोपेतही फ्रीजचं दार ओळखायचं.)

आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे त्याला खरंच भूक लागते! मी इतके दिवस काय सांगत होते?" टेबलाखालून बंड्याने तिच्या गुडघ्यावर हनुवटी टेकली. लाळेसकट.

शेवटी तह झाला. त्याचं खाणं मोजून, बिस्किटाऐवजी काकडी, आणि रोज दोन फेऱ्या. आमची फेरी म्हणजे बावीस विजेचे खांब. प्रत्येक खांबापाशी तो सकाळचं वर्तमानपत्र वाचावं तसा उभा राहतो, छोट्या जाहिरातींसकट. व्यायाम दोघांपैकी नक्की कुणाचा होतो, देव जाणे.

मेअखेरीस त्याला घेऊन पुन्हा काट्यावर चढलो. आईने चष्मा लावून, वाकून आकडा वाचला. ११२.

"बघ, काही फरक नाही. बिचारा उगाच उपाशी राहिला."

बंड्याला खाली ठेवलं आणि एकटा चढलो. ७६.

मार्चपासून गाईची पोळी माझ्या ताटात पडते आहे, हे तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. तुपासकट.