थांबण्याचं सामान

कवठे महांकाळात गाडी घेताना माणूस कुणाला विचारत नाही. टायर बदलताना मात्र अख्ख्या भावकीला विचारावं लागतं. गाडी ही इभ्रतीची बाब, ती ज्याची त्यानं ठरवायची. शिवाय इंजिनाच्या पोटात काय चाललंय हे कळणारा माणूस पंचक्रोशीत एखादाच. टायर पडला उघड्यावरचा. त्याला येणाराजाणारा कुणीही लाथ मारून पाहू शकतो, आणि एकदा लाथ मारली की त्या वस्तूबद्दल मत देण्याचा हक्क आपल्याला आपोआप मिळतो.

आमच्या दाजींच्या फॉर्च्युनरचे चारही टायर यंदा गोटा झाले. गाडी २०२१ सालची. २.८ लिटरचं डिझेल इंजिन, २०४ अश्वशक्ती, वजन दोन टनांच्या घरात. तिचा दिनक्रम असा : सकाळी डेअरीवर दुधाचा कॅन, तिथून द्राक्षबागेत मजुरांचा चहा, दुपारी पंचायत समितीत एखादा अर्ज, संध्याकाळी आक्काला घेऊन भाजीबाजार. मधूनच बेदाण्याचे नमुने घेऊन तासगाव. एरवी मात्र दोनशे चार घोड्यांनी मिळून एक दुधाचा कॅन ओढायचा, हेच तिचं रोजचं काम.

टायर बदलायचे ठरले तेव्हा इंजिनिअरिंगला असलेला भाचा कागद-पेन घेऊन चाकापाशी उकिडवा बसला. टायरच्या कुशीवर लिहिलेलं असतं, पण वाचतो कोण? त्यानं वाचलं : २६५/६० आर १८ ११० एच. मग अंगणात सगळ्यांना समजावून सांगितलं. २६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे कुशीची उंची, रुंदीच्या साठ टक्के. आर म्हणजे रेडियल. १८ हा रीमचा व्यास, तो इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच गुण्यागोविंदानं नांदताना पाहून आबांना, म्हणजे दाजींच्या वडिलांना, फार बरं वाटलं. पुढचा ११० हा भाराचा आकडा : एका टायरनं १०६० किलो पेलायचे. आणि शेवटचा एच हा वेगाचा. ताशी २१० किलोमीटरपर्यंत टायर हमी देतो.

"व्ही घेऊया पप्पा," भाचा म्हणाला. "दोनशे चाळीसला चालतो."

"कुठं जायचंय रं दोनशे चाळीसनं?" दाजी म्हणाले. "साहेब तर हाफिसात बारा वाजता येत्यात."

दाजींच्या बोलण्यात तथ्य होतं. चौपदरी रस्त्यावर मोटारीला कायद्यानं १०० ची मुभा, द्रुतगती मार्गावर १२० ची. आमच्याकडचा मिरज-सोलापूर महामार्ग आता चौपदरी आणि गुळगुळीत झालाय, तिथं शंभर गाठता येतात, हे खरं. पण नागज फाट्याकडून कुणी उलट्या बाजूनं मोटारसायकल घेऊन येईल, आणि तिच्यावर पुढं वैरणीचा भारा असेल, हेही तितकंच खरं. गावच्या रस्त्यावर तर पुढं उसाची ट्रॉली असली की वेगाचं अक्षर कुठलंही असो, सगळे टायर सारखेच.

मग पक्ष पडले. भाच्याला हवे होते गुट्टीचे टायर, दुकानात ज्याला ए टी म्हणतात ते, तेही कुशीवर पांढरी अक्षरं असलेले. त्याचा मुद्दा अगदीच पोरकट नव्हता. बागेची वाट मुरमाची, कडेला वेडी बाभूळ, आणि मांडवाच्या तारेचे तुकडे कुठं पडलेले असतील याचा नेम नाही. जाड गुट्टीचा टायर तिथं जास्त टिकतो. पण हाच टायर डांबरावर घोंघावतो, डिझेल थोडं जास्त खातो, आणि ओल्या डांबरावर ब्रेक मारला तर बहुधा साध्या टायरपेक्षा चार हात पुढं जाऊन थांबतो. आणि खऱ्या चिखलाचं म्हणाल तर काळ्या रानात पाऊस झाल्यावर गुट्टी भरून टायरचा गोळा होतो. मग पांढरी अक्षरं असोत की सोनेरी, ट्रॅक्टरच बोलवावा लागतो.

आक्काची अट एकच. पंढरपूरला जाताना सांगोल्यापर्यंत तिला झोप लागते. ती मोडता कामा नये. टायरचा आवाज या विषयावर कंपन्या प्रयोगशाळा चालवतात. आक्काची कसोटी त्याहून कडक.

आबांचं म्हणणं तिसरंच. "रिमोल्ड करा," ते म्हणाले. ट्रकला चालतं ते हिला का चालणार नाही, हा त्यांचा सवाल. पण त्यांच्या मनात टायर नव्हताच, धाव होती. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव चढवताना आबांनी लहानपणी पाहिलेलं. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहानच करायची. जमिनीवर गोल गोवऱ्या रचून त्यांच्यात ती लाल करायची, म्हणजे ती फुगते. मग सांडशीनं उचलून चाकावर बसवायची आणि वरून घागरी ओतायच्या. धूर, वाफ, लाकडाचा करपट वास; धाव आकसते आणि आरे, तुंबा सगळं एकमेकांत असं आवळून धरते की खिळ्याची गरज नाही. "एकदा बसली की वर्सानुवर्सं बघायची न्हाय," आबा म्हणाले. धावेला हवा भरावी लागत नाही, तिला पंक्चर नाही, तिच्यावर कसली अक्षरं नाहीत. फक्त तिच्यावर बसलेल्या माणसाची हाडं तेवढी खिळखिळी होतात.

या खिळखिळीवरच टायरचा जन्म झाला. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप नावाच्या माणसानं आपल्या पोराच्या तीनचाकी सायकलला हवा भरलेली रबरी नळी बसवली. हवेच्या टायरची कल्पना त्याच्या आधी, १८४५ मध्ये रॉबर्ट थॉमसननं पेटंट करून ठेवलेली होती, पण तिचं चीज झालं नव्हतं. आबांना या सगळ्यात एकच गोष्ट पटली : डनलॉप जनावरांचा डॉक्टर होता. "मग बरूबर," ते म्हणाले. "जनावरांतलाच माणूस."

बैलाचा विषय निघाला आणि टायरचा विषय तासभर मागं पडला. आमच्या भागात हे व्हायचंच. नोव्हेंबर २०२५ मध्ये आमच्याच तालुक्यात बोरगावच्या माळावर बैलगाड्यांची मोठी शर्यत झाली आणि पहिलं बक्षीस होतं फॉर्च्युनर. जिंकणाऱ्या जोडीतल्या एका बैलाचं नाव हेलिकॉप्टर बैज्या आणि दुसऱ्याचं ब्रेकफेल. म्हणजे दोन बैलांनी जोर लावला आणि २०४ अश्वशक्ती दावणीला आणून बांधली. दाजींनी फॉर्च्युनर कर्ज काढून घेतलेली. ब्रेकफेलचं नाव निघालं की ते जरा गंभीर होतात.

पण खरी गोष्ट त्या नावातच आहे. मैदानात बैलाचं नाव ब्रेकफेल असेल तर लोक फेटे उडवतात. तेच दोन शब्द भर रस्त्यावर ऐकू आले तर पोटात गोळा येतो. गाडीचं कौतुक आपण नेहमी धावण्यावरून करतो : किती अश्वशक्ती, शंभरला किती सेकंदांत पोचते, चढाला कशी निघते. टायर मात्र थांबण्याचं सामान आहे. इंजिन कितीही दांडगं असो आणि ब्रेक कितीही भारी, शेवटी दोन टनांची गाडी जमिनीला टेकते ती चार जागी, प्रत्येक जागा तळहाताहून फार मोठी नाही. चार तळहात एवढाच आपला आणि रस्त्याचा करार. त्यावरच्या खाचा १.६ मिलिमीटरपर्यंत झिजल्या की टायर संपला असं खुद्द टायरच सांगतो. खाचांच्या तळाशी तेवढ्या उंचीच्या बारीक आडव्या पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्यांना टेकली की कुणाला विचारायला नको.

"पन आमच्याकडं पाऊस कुठाय?" भावकीतल्या एका जाणकारानं विचारलं. दुष्काळी तालुक्यात खाचा कशाला, असा त्याचा हिशेब. खाचांचं काम पाणी बाजूला सारायचं, हे त्याला ठाऊक होतं. पण कमी पाऊस पडणाऱ्या गावचा पहिला पाऊस जास्त वाईट. महिनोन्‌महिने डांबरावर साठलेलं तेल आणि धूळ एका सरीत भिजतात आणि बुळबुळीत थर होतो. आणि आता तर म्हैसाळ योजनेनं कृष्णेचं पाणी उचलून इकडं आणलंय. कुणाच्या तरी पाटाचं तोंड फुटतं आणि भर उन्हाळ्यात, निरभ्र आभाळाखाली, रस्त्यावर पाणी.

मग दुकानांच्या फेऱ्या सुरू झाल्या. एका दुकानात सत्तर हजारांचा सेट एकदम साठला मिळत होता. दाजी भुलले नाहीत. खरसुंडीच्या यात्रेत खिल्लार घेणाऱ्या माणसाला जबडा उघडून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही : आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे की जुळलाय. टायरचे दात म्हणजे कुशीवरच्या शिक्क्याचे शेवटचे चार आकडे. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. ०९२२ म्हणजे २०२२ चा नववा आठवडा. दाजींनी मोबाइलच्या उजेडात वाचलं आणि नमस्कार करून बाहेर आले. खोंड चौसा झाला की त्याची किंमत चढते. टायरचं उलटं. तो न वापरता नुसता फळीवर पडून राहिला तरी रबर आतून म्हातारं होत जातं, आणि आमच्या उन्हात जरा लवकरच.

शेवटी मिरजेच्या एका दुकानात निकाल लागला. माप कंपनीनं दिलेलं तेच, अक्षर एचच, नक्षी साधी रस्त्याची, तारीख ताजी. भाच्याची समजूत काढायला व्हॉल्व्हवर लाल टोपणं बसवली. दुकानदारानं नायट्रोजन भरू का विचारलं. भाचा म्हणाला, हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजन असतोच. दाजी म्हणाले, "मग उरलेल्या बावीस टक्क्याचं पैसं कशापाय द्यायचं?" हवा साधीच भरली, तीही ड्रायव्हरच्या दाराआतल्या स्टिकरवर लिहिली आहे तेवढी, टायर थंड असताना.

जुने टायर घरी पोचायच्या आत वाटले गेले होते. एक मुरघासाच्या ताडपत्रीवर, एक बेदाण्याच्या शेडच्या पत्र्यावर, एक शेजाऱ्याच्या पोरांना. चौथा आबांनी ठेवून घेतला. कशाला, ते सांगत नाहीत.

चांगल्या टायरची एक मोठी अडचण असते. त्यानं आपलं काम चोख केलं की काहीच घडत नाही, आणि काही न घडण्यासाठी सत्तर हजार दिले हे चारचौघांत पटवून देणं अवघड जातं. परवा पंढरपूरला जाताना नागज फाट्याच्या पुढं बांधावरून मेंढरं एकदम रस्त्यावर उतरली. दाजींनी ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत, आवाज न करता, चांगली दोन गाड्यांची जागा राखून उभी राहिली. मेंढपाळानं मान वर करून पाहिलं नाही. मागं झोपलेली आक्का जागी झाली नाही. त्यामुळं पुढं सांगोल्यात चहाला उतरल्यावर हा प्रसंग दाजींना स्वतःच सांगावा लागला. तिथून पंढरपूरपर्यंत त्यांनी तो आणखी दोनदा सांगितला, आणि दर खेपेला मेंढरं वाढत गेली.