मूळनिवासी प्राध्यापिका : वापर व निगा

(कॅनडातल्या विद्यापीठांत नर्सिंग विभागाचे नव्याने डीन झालेल्यांसाठी)

अभिनंदन! तुमच्या विभागाने अखेर एक मूळनिवासी प्राध्यापिका नेमली. बाई सोमवारी रुजू होतील. त्या क्री असतील, मिकमॉ असतील, मोहॉक असतील. फरक कळत नसेल तर काळजी नको, तो त्या पहिल्या बैठकीत समजावून सांगतील. दुसऱ्या आणि तिसऱ्या बैठकीतही सांगतील. बाईंना कामाला लावण्यापूर्वी ही पुस्तिका एकदा नजरेखालून घालावी.

प्रथम, बाईंना का नेमलं ते पाठ करून ठेवा. मूळनिवासी मुलांना घरातून उचलून ज्या निवासी शाळांत कोंडलं गेलं, त्यांची चौकशी करणाऱ्या सत्य व सामंजस्य आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. त्यातली तेविसावी सांगते की आरोग्यसेवेत मूळनिवासी माणसं वाढवा. चोविसावी थेट तुमच्यावर आहे: वैद्यकीय आणि नर्सिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याला मूळनिवासींचं आरोग्य, निवासी शाळांचा इतिहास, करार आणि हक्क यांवरचा कोर्स सक्तीचा करा. सगळ्या विद्यापीठांनी माना डोलावल्या. कोर्स शिकवणार कोण, हा प्रश्न वेळापत्रक लावायला बसल्यावर आठवला. २०२१ च्या जनगणनेत देशातली पाच टक्के माणसं मूळनिवासी निघाली, तुमच्या विभागात भोपळा निघाला. म्हणून बाई.

इतकी वर्षं कोणी का नव्हतं, असं पत्रकाराने विचारलं तर "लायक उमेदवारच मिळत नाहीत" असं म्हणायची रीत आहे. जरूर म्हणा, पण हळू आवाजात. कारण ऐकणाऱ्याला एडिथ मॉन्चर ठाऊक असण्याचा धोका असतो. ओंटारिओतल्या सिक्स नेशन्स वसाहतीतली ही मोहॉक मुलगी. कॅनडातल्या नर्सिंग शाळांनी दारं लावून घेतली, म्हणून ती सीमा ओलांडून न्यूयॉर्क राज्यात न्यू रोशेलला गेली आणि १९१४ मध्ये तिथून पहिली आली. कॅनडाची पहिली मूळनिवासी नोंदणीकृत नर्स म्हणून आज जिचं नाव अभिमानाने घेतात, तिला शिकवलं अमेरिकेने. पहिल्या महायुद्धात तिने फ्रान्समध्ये जखमी सैनिकांची सेवा केली ती अमेरिकन सैन्याबरोबर. नंतर ती आपल्या वसाहतीत परतली, तिथल्या इस्पितळात काम केलं आणि एकशे पाच वर्षं जगली. तेवढ्या काळात एखाद्या विद्यापीठाला तिला वर्गासमोर उभं करायला सवड मिळायला हरकत नव्हती.

यामागे कायदाही होताच. १८७६ च्या मूळ इंडियन ॲक्टमध्ये अशी तरतूद होती की मूळनिवासी माणसाने विद्यापीठाची पदवी घेतली की त्याचा मूळनिवासी म्हणून असलेला कायदेशीर दर्जा आपोआप संपला. म्हणजे एक तर पदवी ठेवा, नाही तर ओळख. ती सक्ती पुढे रद्द झाली, पण शिकली-सवरली म्हणजे "तशी" राहिली नाही, ही समजूत बऱ्याच स्टाफरूममध्ये अजून ठणठणीत आहे. बाईंनी लॅपटॉप उघडला की कोणीतरी हमखास म्हणेल, "तुम्ही अगदी आमच्यासारख्याच आहात हो!" ही स्तुती आहे, असं बाईंना समजावून सांगावं.

आता प्रत्यक्ष वापर. सुरुवात सभेपासून करावी. हल्ली प्रत्येक सभेच्या आरंभी, आपण कोणाच्या जमिनीवर बसलो आहोत, याचा उल्लेख करतात. तो तुम्ही केलात तर समाजांची नावं घेताना "हौडेनोशौनी"वर अडखळाल, "अनिशिनाबे"वर ठेच लागेल, आणि पंधरा माणसं मान खाली घालून चहाच्या कपाकडे बघतील. म्हणून तो बाईंना करायला सांगा. गंमत अशी की हा उल्लेख पाहुण्याने करायचा असतो, घरच्यांनी नव्हे. घर ज्यांचं त्यांनीच "आम्ही आमच्या घरात बसलो आहोत" असं दर सोमवारी जाहीर करायचं, यातला विनोद बाईंच्या लक्षात येतो, पण त्या हसत नाहीत. नवी नोकरी आहे.

यानंतर समित्या. प्रवेश, नेमणूक, नीतिमत्ता, अभ्यासक्रम, दीक्षान्त समारंभ, नव्या इमारतीचं नाव. प्रत्येक समितीत एक मूळनिवासी आवाज हवा, आणि विभागात आवाज एकच आहे, तेव्हा हिशेब सोपा. आमादो पादिया या अमेरिकेतल्या अभ्यासकाने १९९४ मध्ये याला "सांस्कृतिक कर" म्हटलं: अल्पसंख्य प्राध्यापकाकडून त्याच्या जमातीपोटी वसूल केलेलं जादा, बिनपगारी काम. बढतीच्या वेळी हे काम "सेवा" या रकान्यात जातं. त्या रकान्याला वजन किती असतं, हे तुम्हाला माहीतच आहे. त्याच बळावर तुम्ही डीन झाला नाहीत.

वर्गातला वापर जरा जपून करावा. सेमिस्टरच्या अकराव्या आठवड्यात, इंजेक्शन आणि ड्रेसिंग शिकवून झाल्यावर, एक तास "मूळनिवासी आरोग्य" असं लिहून बाईंना पाठवण्याची पद्धत आहे. बाई ब्रायन सिंक्लेअरबद्दल सांगतील. सप्टेंबर २००८, विनिपेगच्या मोठ्या इस्पितळाची इमर्जन्सी, व्हीलचेअरवरचा पंचेचाळीस वर्षांचा माणूस, मूत्राशयाचा साधा, बरा होणारा संसर्ग. चौतीस तास तो प्रतीक्षागृहात बसला आणि तिथेच गेला. दारू प्यायलेला असेल, थंडीत ऊब घ्यायला आला असेल, असं समजून कर्मचारी समोरून ये-जा करत राहिले. मग बाई जॉयस एशाक्वानवर येतील. २८ सप्टेंबर २०२०, क्वेबेकमधलं जोलिएट. आटिकामेक समाजातली सात मुलांची आई इस्पितळाच्या खाटेवरून फेसबुकवर थेट प्रक्षेपण करत होती, आणि त्यात कर्मचाऱ्यांची शिवीगाळ साऱ्या जगाने ऐकली. काही वेळाने ती वारली. तिच्या मृत्यूला वर्णद्वेषाचाही हातभार लागला, असं मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने पुढच्या वर्षी अहवालात लिहिलं.

त्या वर्गात विशीतल्या मुली असतात. काही रडतील, काहींना आपल्यावरच आरोप होतोय असं वाटेल. आपल्या पुण्या-नाशकाकडून तिथे नर्सिंगला गेलेली एखादी मुलगी म्हणेल, माझा यात काय संबंध, मलाही बसमध्ये लोक टोचून बोलतात. बाई तिला थांबवून सांगतील की तुझ्या अंगावरही उद्या तोच गणवेश असणार आहे, आणि प्रतीक्षागृहात बसलेल्या माणसाला तुझा पासपोर्ट दिसत नाही, गणवेश दिसतो. महिन्याने विद्यार्थ्यांचा अभिप्राय येईल. शरीरशास्त्राच्या सरांना पाचपैकी साडेचार आणि बाईंना तीन मिळाले तर दचकू नका. "विषय नकारात्मक वाटला" हे वाक्य ठळक करून बाईंच्या फायलीत लावा. ज्या वर्गाची अस्वस्थता हाच धडा आहे, त्याच वर्गाकडून धड्याला गुण द्यायची ही सोय कोणाच्या डोक्यातून आली कोण जाणे, पण माणूस हुशार असणार.

बाई कधी समाजातल्या एखाद्या आजीला वर्गात बोलावू म्हणतील. होकार द्या, कार्यक्रमाचे फोटो चांगले येतात. पुढचं लेखा विभाग बघून घेईल. अनेक समाजांची रीत अशी की जाणत्या माणसाकडे ज्ञान मागायला जाताना तंबाखूची पुडी हातावर ठेवायची. ती ओढण्यासाठी नसते, विनंती करण्यासाठी असते. बाई स्वतःच्या पैशांनी पुडी घेतील, पावती जोडतील, आणि पावती परत येईल: तंबाखूजन्य पदार्थांचा खर्च मंजूर होत नाही, त्यातून आरोग्य विभागात तर नाहीच. मग आजींच्या मानधनाचा फॉर्म. त्यात पदवी, पद, बँक खातं आणि "आपल्या तज्ज्ञतेचा पुरावा" असे रकाने. विधीसाठी सेज या वनस्पतीची पानं जाळून धूर करायचा असेल तर इमारत विभागाला आधी कळवा, नाही तर धुराची घंटा वाजून अग्निशमनवाले येतील. या तीन कार्यालयांत फेऱ्या मारण्यात बाईंचा जो काळ जाईल, त्यात त्यांचा एक शोधनिबंध लिहून झाला असता. तो का झाला नाही, हे वार्षिक आढाव्यात विचारायला विसरू नका.

संशोधनाचं प्रकरण सगळ्यात नाजूक. तुमच्याकडे अनुदान दोन वर्षांचं असतं. बाई म्हणतील, पहिलं वर्ष वस्तीत जाऊन चहा प्यायला लागेल. तुम्हाला वाटेल, टाळाटाळ. पण त्या वस्त्यांना संशोधक चांगलेच ठाऊक आहेत. १९४२ ते १९५२ या काळात सरकारी आहारतज्ज्ञांनी उपाशी मूळनिवासींवर, त्यातही निवासी शाळांतल्या मुलांवर, त्यांना न सांगता पोषणाचे प्रयोग केले. कुपोषण दिसत होतं, ते दूर करायचं सोडून मोजलं. १९८० च्या दशकात व्हँकुव्हर बेटावरच्या नू-चा-नुल्थ लोकांपैकी ८८३ जणांनी संधिवाताच्या अभ्यासासाठी रक्त दिलं. संशोधकाने ते बरोबर नेलं आणि भलत्याच जनुकीय अभ्यासांसाठी वापरलं. ते परत यायला २००४ उजाडलं. असल्या संशोधनाच्या अनुभवांतूनच १९९८ मध्ये फर्स्ट नेशन्स या मूळनिवासी समाजांनी आपली चार तत्त्वं ठरवली: माहितीची मालकी आमची, नियंत्रण आमचं, ती पाहण्याचा हक्क आमचा, आणि ती राहील आमच्या ताब्यात. बाई ही तत्त्वं तुमच्या नीतिमत्ता समितीपुढे मांडतील तेव्हा समिती विचारेल की मग विद्यापीठाचं काय राहिलं? प्रश्न रास्त आहे. बाईंनाही तो वस्तीत उलटा विचारला जातो.

क्वचित बाई बिघडतात, म्हणजे सल्ला द्यायचं सोडून निर्णय मागू लागतात. यावर पूर्वानुभव उपलब्ध आहे, मात्र तो न्यूझीलंडचा. इरिहापेती रॅम्सडेन ही माओरी नर्स आणि शिक्षिका. १९८८ मध्ये क्राइस्टचर्चच्या एका मेळाव्यात नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या एका माओरी विद्यार्थिनीने विचारलं होतं की कायद्याची, नीतीची, कामाची सुरक्षितता तुम्ही शिकवता, आमच्या संस्कृतीच्या सुरक्षिततेचं काय? रॅम्सडेनने तो धागा उचलला आणि १९९० मध्ये "सांस्कृतिक सुरक्षितता" हा विचार नर्सिंगच्या शिक्षणापुढे मांडला. माओरी लोक काय खातात, कसे नमस्कार करतात, याची यादी पाठ करायला तिने सांगितलं असतं तर सगळे खूश झाले असते. तिने सांगितलं की नर्सने आधी स्वतःकडे, स्वतःच्या हातातल्या सत्तेकडे बघावं. आणि सेवा सुरक्षित होती की नव्हती, हे नर्सने नव्हे, ज्याने ती घेतली त्याने ठरवावं.

१९९२ मध्ये न्यूझीलंडच्या नर्सिंग कौन्सिलने हे शिक्षणात घेतलं आणि पुढच्याच वर्षी वर्तमानपत्रं तुटून पडली. नर्सना इंजेक्शन शिकवायचं की अपराधभाव, असा गदारोळ झाला. १९९५ मध्ये संसदेच्या समितीने चौकशी लावली. नर्सिंगच्या एका धड्याची संसदेने चौकशी करावी, यावरूनच त्या धड्याने बोट नेमकं कुठे ठेवलं होतं ते कळतं. रॅम्सडेनने या सगळ्या प्रकरणावर २००२ मध्ये पीएच.डी. पूर्ण केली, आणि पुढच्या वर्षी ती गेली. तिची कल्पना मात्र जगभर गेली. तुमच्या विभागाच्या भिंतीवरच्या चकचकीत पोस्टरवरही "सांस्कृतिक सुरक्षितता" हेच शब्द आहेत. फक्त पेशंटने ठरवायचं, हा भाग पोस्टरवर मावलेला दिसत नाही.

हमीबद्दल थोडंसं. बाई साधारण तीन-चार वर्षांत थकतात, नाही तर दुसरं विद्यापीठ त्यांना पळवतं. मग निरोपसमारंभ, शाल, दोन शब्द आणि पुन्हा जाहिरात. नोव्हेंबर २०२२ मध्ये कॅनडाच्या नर्सेस असोसिएशनने नर्सिंग व्यवसायाने मूळनिवासींचं जे नुकसान केलं त्याबद्दल जाहीर माफी मागितली. तशी माफी तुम्हालाही मागायची झाली आणि तिचा मसुदा बाईंकडून तपासून घ्यायचा मोह झाला, तर आवरा.

आणि पुढच्या जाहिरातीच्या वेळी "उमेदवार मिळत नाहीत" म्हणण्याआधी एक करा. जीन कथँड गुडविल या क्री नर्सने आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्येच मूळनिवासी नर्सेसची देशव्यापी संघटना उभी केली. ती आजही आहे आणि पत्राला उत्तर देते. तिथे जाहिरात पाठवा. पण एका जागेची नको, चार जागांची काढा, म्हणजे समित्या वाटून घेता येतील आणि एखादीला आजारी पडायची तरी मुभा राहील. आणि त्या चारांतली एक जागा डीनची ठेवा.