कॉलर आणि खारी हवा

कॉलरीचे प्रकार सांगणारे लोक चेहऱ्याचा आकार बघतात. मालवणात आधी हवा बघावी. इथे जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत आणि उरलेले महिने अंगावरचे सुकत नाहीत. सकाळी पेजेची खळ देऊन, कडक इस्त्री करून उभी केलेली कॉलर बाजारपेठेत पोचेपर्यंत मान टाकते. ती पेज पोटात गेली असती तर निदान दुपारपर्यंत टिकली असती.

टोकांना बटणं असलेली कॉलर मूळची इंग्रज पोलो खेळाडूंची. घोडा उधळला की टोकं तोंडावर फडफडत, म्हणून ती बांधून टाकली. आमच्याकडे घोडा नसला तरी चिवला किनाऱ्यावरच्या वाऱ्यात स्कूटर हाकणाऱ्याला ती शोभते. पसरट कॉलर टायच्या जाड गाठीसाठी. पण इथे टाय नवरदेवाच्याच गळ्यात, तोही स्वागतसमारंभापुरता. बाकी कुणी वरचं बटण लावून निघाला तर नाक्यावर विचारणा होणारच, "काय रे मेल्या, लग्नाक चललंस की कोर्टात?" रापणीचं जाळं ओढणाऱ्यांनी कॉलरीचा प्रश्न कायमचा निकाली काढलाय. बनियनला कॉलर नसते.

कॉलर मळते, शर्ट मळत नाही, हे दुखणं जुनं आहे. 1827 च्या सुमारास अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या हॅना माँटेग्यूबाईंनी नवऱ्याच्या शर्टाची कॉलरच कापून वेगळी धुतली, असं सांगतात. त्यातून सुट्या कॉलरींचा धंदा उभा राहिला. आमच्या बाप्यांनी कात्रीला हात न लावता मानेमागे रुमाल खोचला. त्या रुमालाचा कुणी धंदा केला नाही, हे अगदी कोकणाला धरून झालं.

तरीही कॉलर दुमडीवर विरतेच. मग ती शिंप्याकडे उलटवायला जाते. तो ब्लेडने टाके उसवतो, मानेच्या पट्टीतून कॉलरीचं पान सोडवतो आणि विरलेली बाजू खाली घेऊन पुन्हा शिवतो. धागे वेचून तो शर्ट झटकतो तेव्हा जुना शर्ट गणपतीला नवा झालेला असतो. सत्तरच्या दशकातल्या, कुत्र्याच्या कानांसारख्या लोंबत्या कॉलरीसुद्धा अशा उलटल्या असतील. बेलबॉटमला मात्र उलटूनही काही उपाय नव्हता.

आजकाल पुढाऱ्यांना आणि पोरांना उभ्या पट्टीची कॉलर आवडते. लग्न, बारसं, प्रचार, सगळीकडे चालते, दुमडच नसल्याने विरायची भीती कमी. माझं मत विचाराल तर बुटक्या मानेच्या माणसाने ती घालू नये. भाषण कुठून येतंय ते कळत नाही.

सगळ्यात समजूतदार नियम वकिलांचा. पांढरी कॉलर, कडक किंवा मऊ, दोन्ही चालते. उन्हाळ्यात खालच्या कोर्टात काळ्या कोटालाही सूट आहे, कॉलरीला नाही. ओरोसच्या जिल्हा न्यायालयात मे महिन्यात सकाळी अकराला कडक, दुपारी तीनला मऊ, अशी एकच कॉलर नियमाच्या दोन्ही बाजू सांभाळते.